रिकामी खाच

खाचेत हात घातला आणि बोटांना काहीच लागलं नाही.

मला आधी वाटलं, मी भलत्या बाजूनं हात घातलाय. एकोणीस वर्षं ज्या यंत्राची सेवा केली, त्यात भलत्या बाजूनं हात घालणारा माणूस मी नव्हे. पण अशा वेळी माणूस आधी स्वतःच्या हाताला दोष देतो, मग डोळ्यांना. टेबलावरचा दिवा ओढून आणला, वाकून बघितलं. खाच रिकामी होती. आत धूळ साचली होती आणि तीही काही कालपरवाची नव्हती.

जानेवारीतला बुधवार होता, सकाळचे आठ वाजले होते. आमच्या केंद्रात आंतरराष्ट्रीय परिषद भरली होती. विषय न्यूट्रॉन विखुरण्याची तंत्रं. सतरा देशांतले दोनशे शास्त्रज्ञ आले होते आणि दुपारी ते अणुभट्टीचं दालन बघायला येणार होते. भट्टी डिसेंबरपासून दुरुस्तीसाठी बंद होती, म्हणून यंत्राच्या पोटात बिनधास्त हात घालता येत होता. पाहुण्यांपुढे लाज नको म्हणून मी फडकं घेऊन पुसायला आलो होतो. पुसता पुसता खाचेपर्यंत पोचलो.

त्या खाचेत काय असायला हवं होतं, ते सांगतो. भट्टीतून न्यूट्रॉनचा झोत काढायचा, तो स्फटिकावर सोडायचा आणि कुठल्या कोनात किती न्यूट्रॉन विखुरतात ते मोजायचं, एवढाच आमचा धंदा. जिथे जास्त येतात तिथे कागदावर शिखर उठतं. त्या शिखरांवरून स्फटिकात अणू कसे बसलेत आणि त्यांची इवलाली चुंबकं कुठे तोंड करून आहेत, ते कळतं. यात गोम एकच आहे. आपल्याला हव्या त्या लांबीच्या लहरीबरोबर तिच्या बरोबर निम्म्या लांबीची लहरही बिनतिकिटाची घुसते. तिला अडवायला साबणाच्या वडीएवढा ग्रॅफाइटचा काळा ठोकळा वाटेत ठेवतात. तो फिल्टर. तो नसला की कागदावर एक बारीकसं खोटं शिखर उठतं, आणि उठतं तेही अशा जागी, जिथे नवा चुंबकीय क्रम सापडला तर उठलं असतं. जगभर या धंद्यात पहिल्या वर्षाच्या विद्यार्थ्याला हे शिकवतात. कुणी नवं शिखर दाखवलं की कुणीतरी उठून विचारतंच, फिल्टर होता ना? लग्नात भेटेल त्याला 'जेवलात का' विचारतात, तशी ती रीतच आहे.

मी कपाट उघडलं. वरच्या फळीवर मलमलीत गुंडाळलेला ठोकळा होता. त्यावर चिठ्ठी होती, 'काढला, तीन ऑक्टोबर'. अक्षर माझं. दुसऱ्या एका गटाला झोत जोरदार हवा होता, म्हणून मी तो काढला होता. फिल्टर थोडे चांगले न्यूट्रॉनही खातो. त्यांचं काम झालं की परत लावायचा, एवढं साधं काम, ते राहून गेलं.

आणि वाघचौरे मॅडमनी मोजलं होतं ते नोव्हेंबरात, ऐन दिवाळीत.

मी तिथेच स्टुलावर बसलो.

डॉक्टर हेमलता वाघचौरे. नगर जिल्ह्यातल्या अकोले तालुक्यातल्या. आमच्या विभागात त्या एकट्या बाई. माझ्याहून आठ वर्षांनी लहान, पण अधिकारानं कितीतरी वर. तरी मला 'भाऊ' म्हणायच्या. बाकीचे साहेब नुसतं 'तांडेल' म्हणत आणि काही जण तेही म्हणत नसत, बोटानं खुणावत. मॅडमनी दोन वर्षं खपून हरभऱ्याच्या दाण्याएवढा एक स्फटिक वाढवला होता. दिवाळीत सगळे सुट्टीवर, म्हणून त्यांना पाच दिवस यंत्र मिळालं. मी ते लावून दिलं. शिफ्टच्या वहीत अकरा कलमं असतात, त्यांत फिल्टरचं एक. त्यापुढे मी 'आहे' लिहिलं. मॅडमनी तोंडीही विचारलं होतं.

"भाऊ, फिल्टर लावला ना?"

"लावला की."

मी बघितलंच नव्हतं. घाई होती, घरी कुणी आजारी होतं, असं काही कारण सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. कारण नव्हतं. एकोणीस वर्षं तो ठोकळा त्या खाचेत असायचा, म्हणून त्या दिवशीही असणार, एवढंच.

मॅडमना शिखर दिसलं. त्यांनी खात्री करायला स्फटिक तापवला, कारण चुंबकीय क्रम उष्णतेनं मोडतो आणि शिखर नाहीसं होतं. हे शिखर गेलं नाही. आणखी तापवला, तरी तसंच. त्या दिवसांत त्यांच्या डोळ्यांखाली काळी वर्तुळं आली होती. "भाऊ, हे काहीतरी वेगळंच आहे," त्या म्हणाल्या, "हा क्रम मोडतच नाही." मोडणार कसा? तो त्या स्फटिकात नव्हताच. पुन्हा मोजून बघायचं त्यांच्या मनात होतं, पण भट्टी बंद झाली. आणि परिषदेच्या समितीनं हे ऐकलं आणि मॅडमना मुख्य सत्रात पाऊण तास दिला. आमच्या केंद्रातल्या कुणाला असा मान आधी मिळाला नव्हता. बढतीत दोनदा डावललेल्या बाईला मिळाला, म्हणून मला जास्तच आनंद झाला होता.

या लोकांत माणसाची एकच मिळकत असते. त्यानं मोजलं म्हणजे मोजलं, ही. साडेअकराला मॅडम ती पणाला लावणार होत्या आणि त्यांना त्याचा पत्ता नव्हता.

सभागृह दालनापासून दहा मिनिटांवर. मी पाच मिनिटांत पोचलो. मॅडम आल्या नव्हत्या. पाहुण्यांना हॉटेलातून आणणाऱ्या बसबरोबर त्या येणार होत्या. दारात आमचे विभागप्रमुख डॉक्टर आजगावकर उभे होते. परिषदेचे यजमान तेच. छातीवरचा बिल्ला सरळ करत होते.

"सर, वाघचौरे मॅडमचं शिखर खोटं आहे."

"हळू बोल," ते म्हणाले आणि मला दंडाला धरून कुंड्यांच्या मागे घेऊन गेले. मी सगळं सांगितलं.

"खात्री आहे?"

"ठोकळा कपाटात आहे सर. माझ्या हातची चिठ्ठी आहे त्यावर."

त्यांनी चष्मा काढला, टायच्या टोकानं पुसला. बराच वेळ पुसला.

"आणखी कुणाला माहीत आहे?"

"नाही सर. मॅडम आल्या की सांगतो."

"सांगायचं नाही."

"सर?"

"हे बघ तांडेल. आत्ता सांगितलंस तर ती समोर उभी तरी राहू शकेल का? दिल्लीहून लोक आलेत. सतरा देशांची माणसं आहेत. कार्यक्रमपत्रिकेवर तिचं नाव छापलंय. व्याख्यान रद्द, का? तर आम्ही फिल्टर लावायला विसरलो. तिची अब्रू जाईलच, आपल्या सगळ्यांची जाईल. आज तिला बोलू दे. पेपर अजून छापायचाय. पंधरा दिवसांनी आपण दोघं तिला शांतपणे सांगू. ती मागे घेईल. कुणाला कळणारही नाही."

"आणि कुणी विचारलं तर? फिल्टरचं?"

"विचारलं तर ती सांगेल, होता म्हणून. तिला तसंच वाटतंय ना? ती काही खोटं बोलत नाहीये." त्यांनी माझ्या खांद्यावर हात ठेवला. एकोणीस वर्षांत पहिल्यांदा. "तुझ्यावर काही येऊ देणार नाही. जा, प्रोजेक्टर बघ."

हे ऐकून मला हायसं वाटलं. खोटं कशाला सांगू? आज हे लिहिताना सगळ्यात जास्त लाज मला त्याची वाटते. साहेबांना सांगितलं, साहेबांनी ठरवलं, आता माझ्या डोक्यावर काही नाही, असं वाटून मी प्रोजेक्टरची वायर जोडायला लागलो.

ते हायसं वाटणं काही टिकलं नाही. सभागृहात स्लाइड दाखवायचं काम माझ्याकडेच होतं. शेवटच्या रांगेमागे टेबल, त्यावर प्रोजेक्टर, वर स्लाइडची गोल तबकडी. मॅडमच्या स्लाइड मी आदल्या दिवशीच क्रमानं लावल्या होत्या. एकूण चौदा. नववी म्हणजे ते शिखर. पहिलं सत्र चालू असताना माझी नजर सारखी त्या तबकडीतल्या नवव्या घरावर जात होती. कुणीतरी जपानी गृहस्थ साबणाच्या फेसावर बोलत होते. मी त्यांच्या दोन स्लाइड उलट्या दाखवल्या. त्यांनी मलाच वाकून नमस्कार केला.

अकराला चहाची सुट्टी झाली आणि मी ठरवलं, साहेब काय म्हणतील ते म्हणोत, मॅडमना सांगायचं.

मॅडम व्हरांड्यात होत्या. निळी इरकल नेसल्या होत्या, हातात चहाचा कप होता आणि त्यातला चहा तसाच होता. भोवती पाच-सहा पाहुणे. त्यांच्यात लिंडक्विस्ट नावाचे स्वीडिश प्राध्यापक होते. वय ऐंशीच्या घरात, कानात यंत्र, अंगात जुना स्वेटर. आमच्या धंद्यात त्यांच्या प्रश्नाला भले भले टरकत. त्यांच्या प्रयोगशाळेत मॅडमना दोन वर्षांसाठी बोलवायचं घाटत होतं, हे सगळ्या केंद्राला माहीत होतं.

मी घुटमळलो. मॅडमनी मला बघितलं, तसा त्यांचा चेहरा उजळला.

"हे मिस्टर तांडेल," त्या इंग्रजीत म्हणाल्या. "यंत्र यांच्या हातात असतं. मी नुसते आकडे उचलते."

लिंडक्विस्टनी कप खाली ठेवला आणि माझा हात हातात घेतला. म्हाताऱ्याचा हात गार होता. "असा माणूस असला की निम्मं काम झालं," असं काहीसं ते म्हणाले. मला मान वर करवेना.

"मॅडम, जरा बोलायचं होतं."

"बोला ना."

"जरा बाजूला."

त्या दोन पावलं आल्या आणि खालच्या आवाजात मराठीत म्हणाल्या, "भाऊ, स्लाइडचं काही असेल तर तुम्हीच बघून घ्या. मी सकाळपासून व्याख्यान पाठ म्हणतेय. काल आईला फोन केला होता. ती म्हणते, देवापाशी दिवा लावून बसते साडेअकराला. तिला काय कळतंय न्यूट्रॉन म्हणजे? पण बसणार."

"स्लाइडचं नाही मॅडम. आपलं ते दिवाळीतलं…"

"नंतर. व्याख्यान झालं की निवांत बोलू. आत्ता काही सांगू नका, नाहीतर मी सगळं विसरेन. आणि नववी जरा जास्त वेळ ठेवा हं."

घंटा वाजली. आजगावकर सर मागून आले, "चला, चला, डॉक्टर वाघचौरे," म्हणत त्यांना घेऊन गेले. जाताना माझ्याकडे एकदा बघितलं. रागानं नाही. विनवल्यासारखं बघितलं, आणि ते जास्त वाईट होतं.

मॅडम सुंदर बोलल्या. पहिली पाच मिनिटं कागदावर बघून, मग बाई रंगात आली. मी एकेक स्लाइड पुढे सरकवत होतो. तिसरी, चौथी, पाचवी. आयुष्यात कधी एखादी गोष्ट थांबवायची ताकद आपल्या बोटात आहे आणि तरी ती थांबवता येत नाही, असं झालंय तुमचं? सहावी. सातवी. आठवी पडद्यावर असताना मी तबकडीत हात घातला, नववी स्लाइड उचलली आणि शर्टाच्या खिशात टाकली.

विचार असा काही नव्हता. शिखर दिसलंच नाही तर त्याबद्दल कुणी विचारणार नाही, असं काहीतरी वेडंवाकडं डोक्यात आलं असेल. बुडणारा माणूस पाण्यावर हात मारतो, तसा मी तबकडीत हात मारला.

"पुढची," मॅडम म्हणाल्या.

पडदा पांढराफटक झाला.

"पुढची स्लाइड, प्लीज."

"नाहीये मॅडम," मी मागून मराठीत म्हटलं. माझाच आवाज मला परका वाटला. "पडली कुठेतरी."

सभागृहात थोडी चुळबुळ झाली. आजगावकर सरांनी डोळे मिटून घेतले. मला वाटलं, आता त्या गडबडतील, दहावीवर जातील, कसंतरी आवरतं घेतील. मॅडमनी क्षणभर त्या पांढऱ्या पडद्याकडे बघितलं आणि हसल्या.

"हरकत नाही," त्या म्हणाल्या. "हे शिखर मला झोपेतसुद्धा काढता येतं."

बाजूला चाकांचा फळा होता. त्यांनी खडू उचलला आणि काढायला लागल्या. नुसती रेघ नाही, एकेक बिंदू. एक्केचाळीस बिंदू होते, मला माहीत होते. कारण एकेका बिंदूला यंत्र कसं वीस वीस मिनिटं उभं होतं, ते मी बघितलं होतं. प्रत्येक बिंदूला चूक किती असू शकते ते दाखवणारी बारीक उभी रेघ, तीही आठवणीनं. मग त्याच्याशेजारी तापवल्यानंतरचं शिखर. तेवढंच उंच. मग आणखी तापवल्यानंतरचं. तेवढंच. शेवटचा बिंदू काढून त्या वळल्या आणि सगळं सभागृह टाळ्या वाजवायला लागलं. व्याख्यान संपायच्या आधी टाळ्या मी त्याआधी कधी ऐकल्या नव्हत्या. मी वाचवायला गेलो होतो आणि माझ्यामुळे ते खोटं शिखर त्यांच्याच हातानं फळ्यावर चढलं होतं.

उरलेल्या स्लाइड कशा दाखवल्या, आठवत नाही.

प्रश्नांची वेळ आली. लिंडक्विस्ट खुर्चीच्या पाठीला धरून सावकाश उभे राहिले, तसे लोक आधीच हसायला लागले. काय विचारणार ते सगळ्यांना माहीत होतं.

"फार सुंदर," ते म्हणाले. "मला एकच विचारायचंय. म्हाताऱ्याची सवय म्हणा. ग्रॅफाइट होता ना?"

सभागृहात हशा पिकला. मॅडमही हसल्या.

"होता, सर. आणि तो मी नाही, मिस्टर तांडेल यांनी लावला. या यंत्राच्या बाबतीत माझ्यापेक्षा त्यांचा शब्द मोठा आहे. ते मागे बसलेत. तुम्ही त्यांनाच विचारा."

दोनशे डोकी मागे वळली.

आमच्यासारख्यांना अशा सभागृहात कुणी काही विचारत नाही. आम्ही दिवे लावतो, दिवे मालवतो. त्या दिवशी सतरा देशांची माणसं माझ्या तोंडाकडे बघत होती, आणि चेहरे सगळे हसरे, प्रेमळ. पहिल्या रांगेतून आजगावकर सरही वळले होते. त्यांनी काही खूण केली नाही. गरजही नव्हती. एक 'येस सर' म्हणायचं होतं. दोन शब्द. ते म्हटले असते तर मॅडम स्वीडनला गेल्या असत्या, त्यांच्या आईनं आणखी एक दिवा लावला असता, आणि मग वर्षा-दोन वर्षांनी जगात कुणीतरी दुसऱ्या भट्टीवर तो स्फटिक मोजला असता आणि त्याला काही दिसलं नसतं. तेव्हा मॅडम परक्या मुलखात, एकट्या असत्या. आणि त्यांना तोवर कळलंही नसतं की कुठे चुकलं.

हे सगळं मी तेव्हा विचार करून ठरवलं, असं सांगितलं तर ऐकायला बरं वाटेल. तसं नव्हतं. मॅडम माझ्याकडे बघत होत्या आणि मला त्यांच्याकडे बघून 'येस' म्हणता येईना, एवढंच.

"नो सर," मी म्हटलं.

हसू एकदम नाही थांबलं. पुढच्या रांगांना ऐकू आलं नव्हतं. ते मागून पुढे विझत गेलं. मॅडमच्या हातात खडू होता.

"नव्हता?" त्यांनी मराठीत विचारलं. दोनशे माणसांसमोर, पण आम्ही दोघंच असल्यासारखं.

"नव्हता मॅडम. कपाटात होता."

"केव्हा कळलं तुम्हाला?"

"आज सकाळी. आठला."

त्या वळल्या. मग डस्टर उचलला आणि पुसायला लागल्या. डावीकडून उजवीकडे, नीट, कोपऱ्यापर्यंत, शाळेतल्या बाई पुसतात तसं. तिन्ही शिखरं गेली. हात झटकून त्यांनी माइक जवळ घेतला आणि इंग्रजीत म्हणाल्या, "फिल्टर नव्हता. म्हणजे हे शिखरही नाही. तापवल्यावर ते का जात नव्हतं, त्याचंही उत्तर मिळालं. ते मला दिसायला हवं होतं. धन्यवाद."

आणि खाली उतरून आपल्या जागेवर जाऊन बसल्या. त्यांची अजून सहा मिनिटं शिल्लक होती. लिंडक्विस्ट उभेच होते. त्यांना बहुधा हे उत्तर नको होतं.

जेवणाच्या सुट्टीत मॅडम मला व्हरांड्याच्या टोकाला, पाण्याच्या नळापाशी सापडल्या. हाताला लागलेला खडू धूत होत्या. रडल्या असतील तर मला दिसलं नाही.

"आठला कळलं म्हणालात."

"हो मॅडम."

"म्हणजे साडेतीन तास." त्यांनी नळ बंद केला. "कुणाला सांगितलंत?"

चार पावलांवर आजगावकर सर दिल्लीच्या पाहुण्यांशी बोलत उभे होते. ते बोलायचे थांबले. पाठ आमच्याकडेच होती, पण ती पाठसुद्धा ऐकत होती.

"कुणालाच नाही," मी म्हटलं.

का म्हटलं, ते मला आजही नीट सांगता येत नाही. त्यांनी सकाळी खांद्यावर हात ठेवला होता म्हणून म्हणा. साहेबांचं नाव पुढे करायची सवय नव्हती म्हणून म्हणा. नोकरीला अकरा वर्षं बाकी होती, हेही असेल.

"आणि स्लाइड? पडली नव्हती ना?"

मी खिशातून स्लाइड काढून दिली. त्यांनी ती उजेडासमोर धरली, बघितली, आणि परत माझ्या हातात दिली.

"फिल्टर कुणीही विसरेल, भाऊ. मीही वहीवर विश्वास ठेवला, उठून बघितलं नाही. तेवढी चूक माझीही आहे, मी ती घेते." त्यांचा आवाज अगदी साधा होता. ओरडल्या असत्या तर मी पाय धरले असते. "पण मी तिथे खडू घेऊन उभी होते. एकेक बिंदू काढत होते. आणि तुम्ही मागे बसून बघत होता."

मी स्लाइड पुन्हा खिशात ठेवली.

"जेवून घ्या," त्या म्हणाल्या आणि गेल्या.

मॅडमचं वाईट झालं, असं मात्र नाही. स्वीडनला दुसरं कुणी गेलं, पण परिषदेतले लोक नंतर त्यांचं नाव आदरानं घ्यायचे. फळा पुसणारी बाई म्हणून. त्याच स्फटिकाचं काम त्यांनी पुन्हा केलं, तीन वर्षं खपून, त्यातून साधंसं काही निघालं, ते छापलं. बढतीही झाली, उशिरा का होईना. माझी चौकशी झाली नाही, ताशेरा आला नाही. आजगावकर सरांनी शब्द पाळला, माझ्यावर काही येऊ दिलं नाही. पुढे ते निवृत्त झाले आणि काही वर्षांनी वारले. म्हणजे मॅडमना खरं सांगायला आडकाठी उरली नाही. पण तेव्हा सांगणं म्हणजे गेलेल्या माणसावर ढकलणं झालं असतं. आणि सांगून तरी काय? साडेतीन तासांत चहाची सुट्टी होती, आणि मॅडम माझ्यापासून दोन पावलांवर होत्या.

आम्ही आणखी अकरा वर्षं एकत्र काम केलं. त्या मला 'भाऊ'च म्हणत राहिल्या. माझ्या मुलीच्या लग्नाला अकोल्याहून परस्पर आल्या, दोन दिवस राहिल्या, बायकोला साडी आणली. फक्त एक बदललं. यंत्र लावून झालं की त्या यायच्या, पदर खोचायच्या, टॉर्च मारून वाकून त्या खाचेत बघायच्या आणि मग वहीत सही करायच्या. मला विचारायच्या नाहीत. कधी घालूनपाडून बोलल्या नाहीत, बघताना माझ्याकडे वळल्याही नाहीत. अकरा वर्षांत असं किती वेळा झालं असेल, याचा हिशेब कोण ठेवतो? पण दर वेळी मी बाजूला हात बांधून उभा असायचो, आणि दर वेळी वाटायचं, आज विचारतील.

माझ्या नोकरीच्या शेवटच्या दिवशी योगायोगानं यंत्र मॅडमचंच होतं. मी ठोकळा बसवला. दोनदा बघितला, तिसऱ्यांदा बोटानं चाचपला. त्या आल्या. हातात माझ्यासाठी पेढ्यांचा पुडा होता, तो त्यांनी टेबलावर ठेवला. माझा धीर कसा झाला कोण जाणे, मी आपणहून म्हटलं, "मॅडम, फिल्टर आहे."

त्या माझ्याकडे बघून हसल्या. मनापासून हसल्या, त्यात खोट नव्हती.

"हो भाऊ," त्या म्हणाल्या आणि टॉर्चसाठी हात पुढे केला.